इल्या मेचनिकॉफ यांचे जीवनचरित्र : शरीराचे शिपाई आणि आतड्याची जखम



पायात बाभळीचा काटा मोडला की काय होतं, हे तुम्हाला माहीतच आहे. दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, हाताला गरम लागते, सुजते आणि ठणकते. कधी कधी पू देखील होतो. विज्ञानात याला दाह म्हणतात. आता जरा विचार करा. ही सूज कोण आणतं? काटा आणतो की आपलं स्वतःचं शरीर आणतं? आणि अशीच सूज पोटात, आतड्याच्या नाजूक अस्तरावर आली आणि महिनोन्महिने उतरलीच नाही, तर काय होईल?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ज्यांनी शोधलं, त्यांचं नाव इल्या मेचनिकॉफ. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षे घालवली. ते उत्तर त्यांना अर्धंच सापडलं, उरलेलं पुढच्या पिढ्यांनी शोधलं. आजच्या पाठात आपण या शास्त्रज्ञाचं आयुष्य पाहू आणि शेवटी आतड्यातला दाह नेमका कसा नुकसान करतो हेही समजून घेऊ.

जन्म आणि बालपण

मेचनिकॉफ यांचा जन्म मे १८४५ मध्ये झाला. त्यांचे गाव आजच्या युक्रेनमधील खारकीव्ह शहराजवळ होते. तेव्हा हा भाग रशियन साम्राज्यात होता. वडील सैन्यात अधिकारी होते, तर आई सुशिक्षित ज्यू घराण्यातली होती. पाच भावंडांत इल्या सर्वांत धाकटे. मुलाने विज्ञान शिकावे म्हणून आईने त्यांना सतत प्रोत्साहन दिले.

लहानपणी त्यांच्या मोठ्या भावाला शिकवायला एक तरुण शिक्षक घरी येत. त्यांच्यामुळे इल्या यांना झाडाझुडपांचा आणि किड्यामुंग्यांचा नाद लागला. जे शिकायचे ते दुसऱ्याला सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. आपल्या खाऊचे पैसे देऊन ते इतर मुलांना समोर बसवत आणि वनस्पतींवर भाषण ठोकत, असे त्यांच्या पत्नीने लिहिलेल्या चरित्रात आले आहे.

शिक्षण आणि पहिली ठिणगी

खारकीव्ह विद्यापीठातला चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांत पुरा केला. १८६४ मध्ये पदवी घेऊन ते जर्मनीत आणि पुढे इटलीत समुद्रातले लहान लहान जीव अभ्यासायला गेले. तेव्हा त्यांचे वय होते अवघे १९.

१८६५ मध्ये जर्मनीतल्या गीसेन येथे सूक्ष्मदर्शकाखाली एक चपटकृमी पाहताना त्यांना एक गंमत दिसली. या कृमीच्या पोटातल्या पेशी अन्नाचे कण सरळ आपल्या आत ओढून घेत होत्या आणि तिथेच पचवत होत्या. म्हणजे पेशी स्वतःच जेवत होती! आपल्या पोटात तसं होत नाही. आपण आधी पाचक रसांनी अन्न विरघळवतो आणि मग ते शोषून घेतो. ही गोष्ट मेचनिकॉफ यांनी मनाच्या एका कोपऱ्यात ठेवून दिली. तिचा उपयोग त्यांना १७ वर्षांनी झाला.

दुःखाची वर्षे

मित्रांनो, मोठ्या माणसांचं आयुष्य सरळ रेषेत जातं असं आपल्याला वाटतं. मेचनिकॉफ यांचं तसं नव्हतं.

१८६९ मध्ये त्यांचा विवाह ल्युदमिला यांच्याशी झाला. ल्युदमिला यांना क्षयरोग झाला होता. लग्नाच्या दिवशी त्या इतक्या अशक्त होत्या की त्यांना खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. पुढची चार वर्षे मेचनिकॉफ यांनी त्यांच्या औषधपाण्यासाठी जिवाचे रान केले. उबदार हवा मिळावी म्हणून त्यांना दूर समुद्रातल्या मदेरा बेटावर नेले. पण १८७३ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. क्षयावर तेव्हा औषधच नव्हते, आणि तो जंतूमुळे होतो हेसुद्धा अजून सिद्ध झाले नव्हते. या दुःखात मेचनिकॉफ यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला. सुदैवाने ते वाचले.

१८७५ मध्ये त्यांनी ओल्गा यांच्याशी दुसरा विवाह केला. ओल्गा पुढे त्यांच्या संशोधनात मदतनीस झाल्या आणि त्यांचे चरित्रही त्यांनीच लिहिले. पण १८८० मध्ये त्यांना विषमज्वर म्हणजे टायफॉइड झाला आणि त्या मरणाच्या दारातून परत आल्या. मेचनिकॉफ पुन्हा खचले. १८८१ मध्ये त्यांनी उलटून येणाऱ्या तापाच्या रोग्याचे रक्त स्वतःला टोचून घेतले. हा रोग रक्तातून पसरतो का, हे त्यांना पाहायचे होते. ते फार आजारी पडले, पण याही वेळी बचावले.

याच वर्षी रशियाच्या झारची हत्या झाली. विद्यापीठांवर सरकारी दडपण वाढले. ओडेसा विद्यापीठात प्राध्यापक असलेले मेचनिकॉफ या वातावरणाला कंटाळले. १८८२ मध्ये त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि कुटुंबासह इटलीतल्या सिसिली बेटावरील मेसिना या गावी गेले.

मेसिनाचा काटा

मेसिनात समुद्रकाठच्या घरात, बैठकीच्या खोलीतच त्यांनी आपली प्रयोगशाळा मांडली. एके दिवशी घरातली सगळी मंडळी सर्कशीत माकडांचे खेळ बघायला गेली. मेचनिकॉफ एकटेच घरी राहिले. त्यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली तारामाशाची अळी होती. ही अळी काचेसारखी पारदर्शक असते, त्यामुळे तिच्या शरीरात काय चाललंय ते बाहेरून दिसतं. तिच्यात काही पेशी इकडून तिकडे फिरत होत्या.

त्या फिरत्या पेशी बघता बघता त्यांना ती जुनी, जेवणारी पेशी आठवली. मग मनात आलं, या पेशी नुसत्या अन्नच खात असतील का? बाहेरून काही घुसलं तर त्यालाही खात असतील का? तसं असेल तर अळीच्या अंगात काटा टोचल्यावर या पेशी त्याच्याभोवती गोळा व्हायला हव्यात, अगदी माणसाच्या बोटात काटा गेल्यावर पू जमतो तशा.

घराच्या बागेतून त्यांनी गुलाबाचे काही काटे आणले आणि अळ्यांच्या पातळ कातडीखाली खुपसले. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. पहाटे उठून बघतात तर काय, प्रत्येक काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडला होता!

हा प्रयोग इतका मोठा का मानतात? त्या काळचे डॉक्टर म्हणत, दाह हा मुळात रक्तवाहिन्यांचा बिघाड आहे. पण तारामाशाच्या अळीत रक्तवाहिन्याच नसतात, आणि तरीही तिथे पेशी जमल्या. म्हणजे दाहाचे मूळ पेशीत आहे. आणि दाह म्हणजे निव्वळ रोग नाही, तर रोगाशी चाललेली झुंज आहे. लाली, उष्णता, सूज आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे रोमन लेखक सेल्सस यांनी जवळपास २००० वर्षांपूर्वीच सांगून ठेवली होती. पण ही झुंज कोण लढतं, हे मेसिनाच्या त्या पहाटे कळलं.

या पेशींना ग्रीक शब्दांवरून फॅगोसाइट असे नाव देण्यात आले. आपण मराठीत त्यांना भक्षकपेशी म्हणू.

पाणपिसूचे आतडे

एका काट्यावर सिद्धांत उभा राहत नाही. खऱ्या रोगात असं घडतं का, हे दाखवायला हवं होतं. त्यासाठी त्यांनी पाणपिसू घेतली. तिला डॅफ्निया असेही म्हणतात. हा डबक्यात राहणारा चिमुकला जीव आहे आणि तोही पारदर्शक असतो.

पाणपिसूला एका प्रकारच्या यीस्टचा रोग होतो. त्या यीस्टचे बीजाणू सुईसारखे टोकदार असतात. अन्नाबरोबर ते पोटात जातात, आतड्याची भिंत भेदतात आणि शरीराच्या पोकळीत शिरतात. मेचनिकॉफ यांनी पाहिले की बीजाणू आत आला रे आला की भक्षकपेशी त्याच्यावर तुटून पडतात. त्यांनी तो पचवला तर पाणपिसू वाचते. बीजाणू जास्त झाले आणि पेशी कमी पडल्या तर पाणपिसू मरते. १८८४ मध्ये त्यांनी हे संशोधन प्रसिद्ध केले.

आतड्याची भिंत ही शरीराची वेस आहे. ती फुटली की शत्रू आत येतो. हे चित्र लक्षात ठेवा, पाठाच्या शेवटी आपल्याला ते पुन्हा लागणार आहे.

ओडेसा ते पॅरिस, आणि मुंबईशी नाते

१८८६ मध्ये ओडेसा येथे जंतुशास्त्राची प्रयोगशाळा सुरू झाली आणि मेचनिकॉफ तिचे संचालक झाले. पण तिथे त्यांचे मन रमले नाही. ते डॉक्टर नसल्यामुळे स्थानिक डॉक्टर त्यांच्यावर टीका करत. अखेर १८८८ मध्ये ते पॅरिसला गेले. लुई पाश्चर यांनी आपल्या नव्या संस्थेत त्यांना प्रयोगशाळा दिली. पुढची २८ वर्षे त्यांनी तिथेच काम केले.

इथे आपल्या महाराष्ट्राशी एक नातं जुळतं. ओडेसात मेचनिकॉफ यांच्या हाताखाली शिकलेला एक विद्यार्थी त्यांच्या पाठोपाठ पाश्चर संस्थेत आला. त्याचे नाव वाल्डेमार हाफकिन. सुरुवातीला तो तिथल्या ग्रंथालयात काम करत असे. याच हाफकिन यांनी पुढे पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९३ मध्ये ते भारतात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा त्यांनी प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. मुंबईत परळला जी हाफकिन संस्था आहे ती यांच्याच नावाची. स्वतःवर प्रयोग करण्याचे धाडस गुरू-शिष्य दोघांतही होते, नाही का?

मोठा वाद आणि नोबेल

मेचनिकॉफ यांचे म्हणणे सगळ्यांना पटले असे नाही. पांढऱ्या पेशी जंतूंना मारत नाहीत, उलट त्यांना शरीरभर पसरवतात, असे अनेक डॉक्टर मानत. जर्मनीतले शास्त्रज्ञ म्हणत की जंतू मरतात ते रक्तातल्या द्रव पदार्थांमुळे, पेशींमुळे नाही. हा वाद अनेक वर्षे चालला. १८९१ मध्ये मेचनिकॉफ यांनी पाश्चर संस्थेत दाह या विषयावर व्याख्यानमाला दिली. अगदी साध्या एकपेशीय जीवापासून माणसापर्यंत सगळीकडे ही झुंज कशी चालते, ते त्यांनी त्यात मांडले.

शेवटी दोन्ही बाजू खऱ्या ठरल्या. १९०३ मध्ये इंग्लंडचे आल्मरॉथ राइट आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवले की रक्तातले काही पदार्थ जंतूंवर चिकटतात आणि मग भक्षकपेशींना ते खाणे सोपे जाते. १९०८ चे नोबेल पारितोषिक मेचनिकॉफ आणि जर्मनीचे पॉल एरलिक यांना विभागून मिळाले. एक पेशींच्या बाजूचे, दुसरे प्रतिपिंडांच्या बाजूचे.

पटकीचा पेला

१८९२ च्या सुमारास फ्रान्समध्ये पटकीची साथ आली होती. एकाच विहिरीचं पाणी पिऊन एक माणूस दगावतो आणि दुसऱ्याला काहीच होत नाही, असं का? हे शोधायला मेचनिकॉफ यांनी पटकीचे जिवंत जंतू स्वतः प्यायले. त्यांना काही झाले नाही. आणखी एका स्वयंसेवकाने घेतले, त्यालाही काही झाले नाही. पण त्यानंतरचा स्वयंसेवक मात्र भयंकर आजारी पडला आणि मरता मरता वाचला. मुलांनो, असे प्रयोग आज कोणीही करू शकत नाही, आणि करूही नयेत. तेव्हा त्यासाठी नियम नव्हते.

मेचनिकॉफ यांनी यातून एक निष्कर्ष काढला. माणसाच्या आतड्यात आधीपासून जे असंख्य जंतू राहतात, त्यांतले काही पटकीच्या जंतूंना मदत करतात आणि काही त्यांना वाढू देत नाहीत. प्रयोगशाळेत वेगवेगळे जंतू एकत्र वाढवून त्यांनी हे तपासलेही. आतड्यातले जंतू आपल्या आरोग्याशी बांधलेले आहेत, हा विचार आज सगळीकडे बोलला जातो. त्याची ही सुरुवात होती.

दही आणि म्हातारपण

पन्नाशी ओलांडल्यावर मेचनिकॉफ म्हातारपणाचा विचार करू लागले. या अभ्यासाला जेरोन्टॉलॉजी हे नाव त्यांनीच १९०३ मध्ये दिले.

त्यांचे म्हणणे साधारण असे होते. मोठ्या आतड्यात अन्न सडवणारे जंतू राहतात. ते विषारी पदार्थ तयार करतात आणि ते पदार्थ रक्तात मिसळतात. त्यामुळे मेंदू, मूत्रपिंड अशा अवयवांच्या पेशी दुबळ्या होतात. मग शरीराच्याच मोठ्या भक्षकपेशी, म्हणजे मॅक्रोफेज, या दुबळ्या पेशींना खाऊन टाकतात. केस पांढरे होतात तेही भक्षकपेशी केसातला रंग खातात म्हणून, असे त्यांना वाटे.

बघा, ज्या पेशींना त्यांनी आयुष्यभर शरीराचे शिपाई म्हटले, त्याच पेशी घरातल्या माणसांवर उलटू शकतात, हेही त्यांनीच सांगितले. आपला आवडता सिद्धांत एकाच बाजूने न पाहता त्याची दुसरी बाजू मांडायला मोठे मन लागते.

यावर त्यांनी उपाय सुचवला तो आंबट दह्याचा. बल्गेरियातले खेडूत भरपूर दही खातात आणि दीर्घायुषी असतात, असे त्यांच्या वाचनात आले होते. १९०५ मध्ये स्टॅमेन ग्रिगोरॉव या बल्गेरियन संशोधकाने त्या दह्यातला जंतू शोधला. दह्यातल्या आम्लामुळे सडवणारे जंतू वाढणार नाहीत, असा मेचनिकॉफ यांचा तर्क होता. ते स्वतः रोज आंबवलेले दूध घेत. युरोपात दह्याची लाटच आली.

पण या विचाराची काळी बाजूही आहे. आतड्यातल्या विषामुळे सगळे रोग होतात, ही कल्पना काही डॉक्टरांनी फारच ताणली. लंडनचे प्रसिद्ध सर्जन आर्बथनॉट लेन यांनी तर बद्धकोष्ठाच्या रोग्यांची मोठी आतडी कापून काढायला सुरुवात केली. अर्धवट सिद्ध झालेली कल्पना घाईने वापरली की रोग्याला किती मोठी किंमत मोजावी लागते, ते यातून दिसते.

अखेरचा काळ

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. पाश्चर संस्थेतले तरुण संशोधक लढाईवर गेले आणि प्रयोगशाळा ओस पडल्या. माणसाचे आयुष्य वाढवायला निघालेल्या मेचनिकॉफ यांना तरुण मुलांचे मृत्यू बघावे लागले. हृदयविकाराने ते थकत गेले. १५ जुलै १९१६ रोजी, वयाच्या ७१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थींचा कलश पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवलेला आहे.

त्यांच्यानंतर : निरोप देणारे रेणू

आता आपल्या सुरुवातीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. काट्याभोवती पेशी जमल्या हे खरं, पण त्यांना बोलावलं कोणी? पेशींना काही रसायने ओढून आणत असावीत, एवढा अंदाज मेचनिकॉफ यांच्या काळात आला होता. पण ती रसायने नेमकी कोणती, हे त्यांच्या मृत्यूनंतर अनेक दशकांनी कळले.

एक पेशी दुसऱ्या पेशीला निरोप पाठवते तो छोट्या प्रथिनांच्या रूपात. या प्रथिनांना सायटोकाइन म्हणतात. त्यांतले एक प्रसिद्ध सायटोकाइन म्हणजे ट्युमर नेक्रोसिस फॅक्टर, थोडक्यात टीएनएफ. त्याचा शोध १९७५ मध्ये अमेरिकेत जाहीर झाला. प्राण्यांमधल्या कर्करोगाच्या गाठी सुकवणारा पदार्थ म्हणून तो सापडला, म्हणून नाव तसे पडले. नंतर कळले की दाह पेटवण्यात त्याचा मोठा हात आहे. इंटरल्युकिन या गटातही असे अनेक निरोपे आहेत.

आपल्या आतड्याचे अस्तर पेशींच्या फक्त एकाच थराचे असते. या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून असतात आणि साधारण ३ ते ५ दिवसांत जुन्या जाऊन नव्या येतात. त्यांच्यावर बुळबुळीत श्लेष्माचा थर असतो. थराच्या एका बाजूला अब्जावधी जंतू आणि दुसऱ्या बाजूला आपल्या भक्षकपेशी. मधली भिंत शाबूत असेपर्यंत दोघेही शांत राहतात.

काही जणांमध्ये मात्र हा समतोल बिघडतो. क्रोहन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे असे दीर्घकाळ चालणारे आजार आहेत. अनुवंशिकता, आतड्यातले जंतू, आजूबाजूची परिस्थिती अशी अनेक कारणे त्यात मिसळलेली असतात. नुकसान कसे होते ते आपण पायरीपायरीने पाहू.

१. जंतूंची चाहूल लागताच मॅक्रोफेज टीएनएफ आणि इतर निरोप सोडतात.

२. हे निरोप मिळताच जवळच्या रक्तवाहिन्या फुगतात आणि झिरपू लागतात. त्यामुळे अस्तर लाल होते आणि सुजते.

३. काही निरोप न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींना बोलावून आणतात. त्या जंतू मारण्यासाठी तिखट रसायने आणि प्रथिने तोडणारी विकरे सोडतात. पण ही रसायने जंतू कोणता आणि आपली पेशी कोणती हे बघत नाहीत. शेजारच्या पेशीही होरपळतात.

४. टीएनएफ आणि इंटरफेरॉन गॅमा यांच्यामुळे अस्तराच्या पेशींमधले सांधे सैल होतात. काही पेशी मरतात. भिंतीला जणू भेगा पडतात.

५. अस्तराखालच्या पेशी या निरोपांमुळे अशी विकरे सोडतात की ज्यांनी अस्तराला धरून ठेवणारा आधारच विरघळतो. मग तिथे व्रण होतात, रक्त पडते.

६. भेगांतून आणखी जंतू आत येतात. ते आले की आणखी निरोप सुटतात, आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून सगळे सुरू होते.

आठवतं का पाणपिसूचं आतडं? तिथे भिंत बीजाणूंनी फोडली होती. इथे मात्र भिंत फोडण्याच्या कामात आपलेच शिपाई सामील झालेले असतात.

मग निरोगी माणसात हे चक्र का सुरू राहत नाही? कारण काही निरोप ‘थांबा’ असेही सांगतात. त्यांतला एक म्हणजे इंटरल्युकिन-१०. १९९३ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवले की ज्या उंदरांत हा निरोप तयारच होत नाही, त्यांच्या आतड्याला कायमचा दाह होतो. पुढे असेही दिसले की हेच उंदीर पूर्णपणे जंतूविरहित वातावरणात वाढवले तर त्यांना तो होत नाही. म्हणजे जंतू आणि सुटलेला लगाम, दोन्ही एकत्र आले की घात होतो. आतड्यातले जंतू आणि भक्षकपेशी मिळून नुकसान करू शकतात, ही मेचनिकॉफ यांची शंका अशी वेगळ्या रूपात खरी ठरली. म्हातारपणाचा त्यांचा सिद्धांत मात्र त्यांनी मांडला तसा टिकला नाही.

औषध, आणि सावधगिरी

१९९८ मध्ये अमेरिकेत इन्फ्लिक्सिमॅब या औषधाला क्रोहन्स आजारासाठी मान्यता मिळाली. हे औषध म्हणजे टीएनएफला पकडून निकामी करणारे एक प्रतिपिंड आहे. अनेक रोग्यांचे व्रण त्यामुळे भरून आले. यातली गंमत लक्षात आली का? मेचनिकॉफ यांच्या भक्षकपेशींचा निरोप अडवायला एरलिक यांच्या बाजूचे प्रतिपिंड कामी आले. एकेकाळी भांडणारे दोन विचार एकाच औषधात एकत्र आले.

पण टीएनएफ पूर्ण खलनायक नाही. क्षयाचे जंतू शरीरात शिरले की भक्षकपेशी त्यांच्याभोवती गाठ बांधून त्यांना कोंडून ठेवतात. ही गाठ टिकवायला टीएनएफ लागतो. तो अडवला तर वर्षानुवर्षे झोपलेला क्षय जागा होऊ शकतो. म्हणून हे औषध सुरू करण्यापूर्वी डॉक्टर क्षयाची तपासणी करतात. भारतात तर हे फारच महत्त्वाचे आहे, कारण आपल्याकडे क्षय मोठ्या प्रमाणावर आहे. शिवाय आतड्याचा क्षय आणि क्रोहन्स हे दोन आजार दिसायला इतके सारखे असतात की चुकीचे निदान झाले तर रोग्याला उलटेच औषध मिळू शकते. ज्या रोगाने मेचनिकॉफ यांची पहिली पत्नी गेली, तोच रोग असा पुन्हा या गोष्टीत येतो.

म्हणून घरात कोणाला खूप दिवस जुलाब होत असतील, शौचातून रक्त पडत असेल, कारण नसताना वजन उतरत असेल, तर नुसते दही किंवा घरगुती काढा यांवर थांबू नका. लवकर डॉक्टरांकडे न्या. दही चांगले अन्न आहे, पण या आजारांचे ते औषध नाही.

या चरित्रातून काय शिकावे?

मेचनिकॉफ यांनी आपल्याला शिकवले की सूज ही शरीराची शत्रू नाही, ती शरीराची मेहनत आहे. पण मेहनत वेळेवर थांबली नाही तर तीच घर पाडते. जंतूंशी लढायला शिपाई हवेत, आणि लढाई संपल्यावर त्यांना माघारी बोलावणारा निरोपही हवा. दोन वेळा मरणाच्या दारातून परतलेल्या या माणसाने काट्याएवढ्या प्रयोगातून हा रस्ता दाखवला. ते प्रत्येक वेळी बरोबर नव्हते. पण त्यांनी प्रश्न अगदी योग्य जागी विचारला होता.

स्वाध्याय

१. तारामाशाच्या अळीत रक्तवाहिन्या नसतात, ही गोष्ट मेचनिकॉफ यांच्या प्रयोगात महत्त्वाची का ठरली?

२. आतड्याच्या दाहाचे चक्र सहा पायऱ्यांत कसे चालते, ते आकृती काढून स्पष्ट करा.

३. टीएनएफ उपयोगी की हानिकारक? तुमचे मत कारणांसह आठ-दहा ओळींत लिहा.

४. हाफकिन यांनी मुंबईत केलेल्या कामाची माहिती मिळवा आणि वर्गात सांगा.